डावीकडचा खालचा कोपरा

मी एक मॉनिटर बोलतोय. वर्गात बडबड करणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहितो, तो मॉनिटर नव्हे. टेबलावर उभा असतो, ज्याच्याकडे तुम्ही दिवसभर टक लावून बघता आणि बंद पडल्याशिवाय ज्याची तुम्हाला आठवण होत नाही, तो. सध्या माझी पाठ भिंतीला टेकलेली आहे. समोर टेबल, टेबलापलीकडे खुर्ची आणि खुर्चीत एक माणूस. मला खरं तर त्यांच्याबद्दल सांगायचंय. पण आत्मवृत्त म्हटलं की स्वतःपासून सुरुवात करावी लागते, म्हणून माझं तेवढं उरकून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे औषधालासुद्धा धूळ सापडायची नाही. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं मला पहिल्यांदा चालू केलं. आधी सगळा काळा, मग सगळा पांढरा, मग लाल, हिरवा, निळा. प्रत्येक रंगाला ती माझ्या तोंडाशी तोंड आणून चारही कोपरे बघायची. कुठे एखादा ठिपका मेलेला आढळला की तो मॉनिटर बाजूला काढायचे. माझ्यात तसं काही सापडलं नाही. तिनं माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि ती पुढच्याकडे वळली. माझे चारही कोपरे त्या दिवशी पास झाले होते. हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण पुढे त्यावरूनच माझी अब्रू गेली.

दुकानात आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करून एकच पोपट दाखवायला लावला होता. तो मान वळवायचा, पंख पसरायचा, पुन्हा मान वळवायचा. गिऱ्हाईक यायचं, 'वा, काय रंग आहेत' म्हणायचं आणि शेजारच्याकडे वळायचं. एक दिवस एक गृहस्थ आले आणि विक्रेत्याला म्हणाले, "तो पोपट जरा बंद करा. नुसता राखाडी रंग दाखवा."

विक्रेता गोंधळला. राखाडी बघायला कुणी दुकानात येतं का? पण गृहस्थांनी हट्टच धरला. त्यांनी मला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चक्क जमिनीवर उकिडवं बसून खालून बघितलं आणि म्हणाले, "हा द्या. हा राखाडीला राखाडीच म्हणतो." माझं इतकं मनापासून कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्यांचा झालो.

ते लोकांना प्रेझेंटेशन करून द्यायचे. म्हणजे सभेत बोलणार दुसराच कुणी, पण त्याच्या मागे भिंतीवर जे दिसतं ते यांनी बनवलेलं. साहेब लोक पानंच्या पानं मजकूर पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'एका स्लाइडवर बसवा.' हे खरंच बसवायचे. इमारतीचा रखवालदार त्यांना स्लाइडवाले म्हणायचा. हळूहळू सगळेच म्हणायला लागले आणि त्यांनाही ते नाव आवडायला लागलं. मीही त्यांना तेच म्हणतो.

घरात माणसं तीन. स्लाइडवाले, पोस्टात नोकरी करणारी त्यांची बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. लहानपणी ती खेळायला गेली की कुणाला तरी ठोकून यायची, म्हणून बाप तिला गुंडू म्हणायचा. मोठी झाली तरी नाव सुटलं नाही.

मला घरी आणलं आणि माझ्यासाठी अख्खी मागची खोली हलली. आधी टेबल आडवं फिरवलं. "खिडकी पडद्याच्या समोर नको, पाठीशीही नको. उजेड बाजूनं यायला हवा," असं ते स्वतःशीच बोलत होते. मग माझ्यामागची भिंत फिक्या राखाडी रंगानं रंगवली. भडक भिंत असली की डोळे फसतात, असं त्यांचं म्हणणं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, घराला रंग देताय की अवकळा आणताय?"

"अगं, भिंत बघायचीच नाहीये. बघायचंय याच्याकडे," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी मनातल्या मनात ताठ झालो.

दर महिन्याला ते रंग जुळवायचं एक छोटं यंत्र माझ्या तोंडावर टेकवायचे आणि माझे रंग तपासायचे. शेजारी लॅपटॉप असायचा. त्याच्यावर बोलणाऱ्याचे मुद्दे आणि माझ्यावर स्लाइड. लॅपटॉप मनातून माझ्यावर जळायचा असा मला संशय आहे. पण तो बिचारा प्रवासात असायचा, त्यामुळे आमची भांडणं कधी वाढली नाहीत.

शनिवारी ते नव्या डिझायनर पोरांचा वर्ग घ्यायचे. पोरं आपापल्या घरी, हे इथे माझ्यासमोर. तो वर्ग ऐकायला मला फार आवडायचं. "एकेका स्लाइडवर हात मारत बसू नका, मास्टर स्लाइडमध्ये एकदाच बदला. फाँट फाईलच्या आत भरून पाठवा, नाहीतर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तुमची सुंदर अक्षरं भलतीच होऊन बसतील. रोज लागणारी बटणं वर एका ओळीत आणून ठेवा." आणि शेवटी न चुकता एक गोष्ट सांगायचे. "स्लाइड नीट दिसत नसली की घाबरायचं नाही. क्रमानं जायचं. आधी पडदा बघा, मग केबल, मग सॉफ्टवेअर, मग फाईल. पायरी सोडू नका." पोरं ते पाठ करायची. मलाही पाठ झालं होतं. इतका साधा क्रम, पण त्यात डोळे कुठेच नव्हते, हे तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी बायको पोस्टातून येऊन चहा करायची आणि कप घेऊन दारात थांबायची. स्लाइडवाले तिला म्हणायचे, "वाच." ती तिथूनच माझ्यावरचं मोठ्यानं वाचायची, आवाज अगदी काउंटरवरचा.

"कळलं?"

"कळलं. आवडलं नाही."

"आवडायला कुणी सांगितलंय? दारातून कळलं म्हणजे झालं." मग ती कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायची, कारण उजव्या हातात माउस असायचा. वर्षानुवर्षं कप तिथेच असायचा.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. स्लाइडच्या चौकटीबाहेर जी रिकामी जागा असते ना, तिथे ठेवलेलं काही सभेत दिसत नाही. ते डावीकडे खाली त्या जागेत स्वतःसाठी बारीक अक्षरात शेरे लिहून ठेवायचे. 'हे चित्र मोठं कर.' 'हा आकडा विचारून घे.' कधी कधी लहर आली की थट्टाही लिहायचे. काम संपलं की सगळे शेरे पुसायचे आणि प्रत्येक स्लाइड डोळ्यांत तेल घालून तपासायचे. इथे एक खुलासा करतो. डावं म्हणजे समोर बसणाऱ्याचं डावं. माझं स्वतःचं डावं वेगळं पडतं, पण माझं कोण विचारतंय.

बरीच वर्षं अशी छान गेली.

मग एकेक गमतीशीर गोष्ट होऊ लागली. निदान मला तेव्हा ती गंमत वाटली. माउसचा बाण त्यांना सापडेना. तो माझ्या डाव्या बाजूला शांत उभा असायचा आणि ते माउस गरागरा फिरवत त्याला मधेच शोधायचे. त्यांनी बाण मोठा करून घेतला. एक बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळ उमटेल, असंही सेटिंग लावलं. शनिवारी पोरांना सांगितलं, "मोठ्या पडद्यावर बाण हरवतो. हे सेटिंग लावून ठेवा, फार उपयोगी आहे." पोरांनी लगेच लावलं.

नंतर त्यांनी डावीकडची सगळी बटणं उचलून वर मधोमध आणली. "नजरेसमोर ठेवा, वेळ वाचतो," हेही पोरांना सांगितलं. मग माझा उजेड वाढवला. मग खोलीतला दिवा बदलला. त्यांचं दुखणं असं एकेक टिप होऊन बाहेर पडत होतं, पोरं ते लिहून घेत होती, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

मला होता का? मला एवढंच कळत होतं की त्यांची नजर माझ्या मधोमध यायची आणि पूर्वीसारखी कडेपर्यंत पसरायची नाही. पूर्वी ते मला सबंध बघायचे. आता मला ते तुकड्या-तुकड्यानं बघायचे.

चष्म्याच्या दुकानात मात्र ते जाऊन आले होते. परत येऊन खुशीत सांगत होते, "सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. नंबर आहे तोच आहे." खरंच होतं ते. मधलं त्यांना लख्ख दिसायचं. अक्षर मधेच तर असतं.

आणि मग औषध कंपनीच्या मॅडमचं काम आलं. या मॅडम जुन्या गिऱ्हाईक, मोठ्या हुद्द्यावरच्या, स्वभावानं चांगल्या. फक्त 'थोडक्यात सांगते' म्हणायच्या आणि अर्धा तास थांबायच्या नाहीत. स्लाइडवाल्यांनी एका स्लाइडबाहेर शेरा लिहून ठेवला होता, 'इथे मॅडम थोडक्यात सांगते म्हणतील. लोकांना चहा पाजून आणा.' शेवटी शेवटी त्यांना त्या स्लाइडवरचं सगळंच जरा उजवीकडे सरकवायचं होतं. त्यांनी एका झटक्यात सगळं निवडलं आणि सरकवलं. सगळं म्हणजे चौकटीबाहेरचंही. तो शेरा अलगद आत आला आणि माझ्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात येऊन बसला.

त्यांनी नेहमीसारखी एकेक स्लाइड तपासली. त्या स्लाइडवर ते चांगले रेंगाळले. आलेख बघितला, मथळा बघितला, रंग बघितला, समाधानानं मान हलवली. मी तो शेरा अगदी ठळक दाखवत होतो, माझ्याकडून काही कसर नव्हती. त्यांनी फाईल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. फोन टेबलावर होता, आवाज मोठा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्या ओरडल्या नाहीत.

"मी 'थोडक्यात सांगते' म्हटलं आणि अख्खा हॉल हसला. मला कळेचना का हसतायत. मागे वळून बघितलं तेव्हा कळलं."

"मॅडम, मी तुमची माफी मागतो. पण खरं सांगतो, माझ्या पडद्यावर ते दिसलंच नाही."

"तुमच्या पडद्यावर नसेल दिसलं. तिथे सगळ्यांना दिसलं." त्या पुढे म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर इतकं लागलं नसतं."

फोन ठेवल्यावर त्यांनी ती स्लाइड माझ्यावर पुन्हा उघडली. कोपऱ्याकडे सरळ बघितलं, शेरा दिसला. नजर मधे आणली, शेरा गेला. पुन्हा कोपऱ्याकडे, दिसला. पुन्हा मधे, गेला. कुठल्याही साध्या माणसानं डोळे चोळले असते. पण हे पडले स्लाइडवाले. त्यांना माहीत होतं की जुन्या मॉनिटरचे कोपरे तिरके बघितल्यावर फिके पडतात. त्यांनी माझ्यावर ओला कपडा फिरवला. रंग जुळवायचं यंत्र टेकवलं, त्यानंही मला निर्दोष म्हटलं, तर यंत्रच जुनं झालं असं ठरलं. केबल बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. एकही पायरी सोडली नाही. शेवटी गुंडूला हाक मारून म्हणाले, "हा गेला कामातून. डावीकडचा खालचा कोपरा मेलाय याचा."

गुंडूनं वाकून बघितलं. "मला तर दिसतंय, बाबा."

"तू सरळ बघतेस म्हणून. मधे बघ आणि मग सांग."

"मधे बघूनही दिसतंय."

"तुझे डोळे अजून तयार नाहीत, म्हणून तुला फरक कळत नाही," ते म्हणाले. बापाच्या डोळ्यांवर त्या घरात कुणी शंका घेत नसे.

मला ओरडून सांगायचं होतं. चार कोपरे पास झालेला मॉनिटर आहे मी, मला काही झालेलं नाही, तुम्हाला झालंय. पण आमच्यासारख्यांना तोंड नसतं, लोक जे दाखवायला लावतील तेच आम्ही दाखवतो. माझ्यावर जुनी चादर गुंडाळून मला त्याच खोलीतल्या कपाटावर चढवलं. माझ्या जागी एक लांबरुंद, जरासा वाकलेला नवा मॉनिटर आला. मला राग आला होता, लपवत नाही. अंधारात पडल्या पडल्या मी त्याच्या चुका शोधत असे.

कपाटावरून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र यायचं. थोड्याच दिवसांत त्या नव्यावरही बोलणी सुरू झाली. "याच्याही कडा फिक्याच आहेत. हल्ली माल असाच येतो." मला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या चुका शोधणं सोडलं.

त्यानंतर एका संध्याकाळी कप फुटल्याचा आवाज आला. त्यांचं कोपर लागलं होतं. "इथे कधी ठेवलास कप? सांगायचं तरी," ते वैतागून म्हणाले. बायकोनं काचा गोळा केल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा कप फुटला तेव्हा ती काचा गोळा करायला खाली बसलीच नाही.

"पडदा बदललात, केबल बदललीत, दिवा बदललात," ती म्हणाली. "आता मी काय बदलू? कप बदलू की टेबल बदलू?"

माउसची टिकटिक तशीच चालू राहिली.

"काल दाराच्या चौकटीला खांदा आपटलात. परवा जिन्यात शेजारच्या बाईंना धडकलात. उद्या मी रजा टाकते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"अगं, नंबर तपासून झालाय."

"नंबर नाही, डोळे तपासायचेत," ती म्हणाली आणि मग काचा गोळा करायला बसली.

दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि याच खोलीत येऊन बसले. गुंडू कॉलेजातून आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, आणि मी चादरीच्या आतून ऐकलं. त्यांना एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं होतं. मधे बघत राहायचं आणि कडेला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं.

"बराच वेळ ठिपका आलाच नाही," ते सांगत होते. "मी तपासणाऱ्या मुलीला विचारलं, मशीन बंद पडलं का? ती म्हणाली, नाही काका, चालू आहे."

मग ते म्हणाले, "काचबिंदू आहे म्हणे. दोन्ही डोळ्यांत. कडेचं आधी जातं आणि जातंय ते आपल्याला कळत नाही. गेलंय ते परत येत नाही. आहे ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं टिकवायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच हातात राहिलं असतं." दोन वर्षांपूर्वी ते पोरांना बाण मोठा करायला शिकवत होते.

दारातून बायकोचा आवाज आला. तो आवाज मी आजही विसरलो नाही. "मी रोज इथे उभी राहायचे. स्लाइड वाचून दाखवायचे. तुमच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही."

"अगं, मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, मला कळलं नाही. तुला कसं कळणार?" ते म्हणाले. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं असावं, कारण मग बराच वेळ खुर्चीची कुरकुर नाही की माउसचा आवाज नाही. मी वर चादरीत होतो आणि मला कशाचाच राग उरला नव्हता.

महिन्याभरानं गुंडू स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. "बाबा, तुला रुंद मॉनिटर नकोच आहे. लहान हवाय, तुझ्या नजरेत मावेल असा."

स्लाइडवाल्यांनी माझी चादर स्वतः सोडली. एरवी मला पुसायला त्यांचा वेगळा मऊ कपडा असायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. "याच्यावर उगाच आळ घेतला मी," असं ते गुंडूला म्हणाले. मग माझ्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून मला म्हणाले, "माफ कर रे बाबा." माझी कुणी माफी मागेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. मला ती नको होती. त्या माफीच्या बदल्यात मी खरोखरच बिघडलेला असतो तर किती बरं झालं असतं.

मग आमचा नवा संसार सुरू झाला. त्यांची नजर आता लहान झरोक्याएवढीच उरली होती, आणि झरोक्यातून बघायचं तर वस्तू जवळ असून चालत नाही, तिचा तुकडाच दिसतो. लांब नेली की ती सबंध मावते. म्हणून मला आधी हातभर मागे सरकवलं. मी लांब गेलो की अक्षरं बारीक व्हायची, म्हणून ते अक्षरं मोठी करायचे. अक्षरं मोठी झाली की स्लाइडवर शब्द कमी मावायचे, म्हणून ते शब्द गाळायचे. त्या दिवसांत त्यांनी केलेल्या स्लाइड त्यांच्या सगळ्यात सुंदर स्लाइड होत्या. एखादा आकडा, त्याच्याखाली एक ओळ, बाकी मोकळं.

औषध कंपनीच्या मॅडमना कुठून तरी कळलं आणि त्या घरी आल्या. त्यांनी नवं काम आणलं होतं. "तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला देणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. त्या गेल्यावर स्लाइडवाले म्हणाले, "आज मात्र खरंच थोडक्यात बोलल्या." गुंडू हसली आणि मग तिला रडू फुटलं.

झरोका लहान होत गेला आणि मी मागे मागे जात राहिलो. थेंब चालू होते, एक ऑपरेशनही झालं. मी टेबलाच्या पलीकडच्या काठाला पोचलो, मग टेबल सोडून स्टुलावर गेलो, मग स्टूल भिंतीपर्यंत सरकवलं. आता माझ्यामागे त्यांनीच रंगवलेली ती राखाडी भिंत होती, आणि तिच्यापलीकडे जायला जागा नव्हती.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे दुखणं रक्ताच्या नात्यात उतरू शकतं, मुलीला आणा. स्वतःचं निदान ऐकून हा माणूस रडला नव्हता. मुलीला घेऊन बायको गेली, त्या दिवशी मात्र ते सकाळपासून या खुर्चीत मला चालूही न करता बसून होते. गुंडू आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, काही नाहीये. सगळे ठिपके दिसले मला."

"सगळे? कडेचेसुद्धा?"

"कडेचेसुद्धा. दर वर्षी बोलावलंय फक्त."

ते टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. गुंडूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या शनिवारी त्यांनी वर्गात क्रम बदलला. "आधी डोळे," ते म्हणाले, "मग पडदा. माझं ऐकून ज्यांनी बाण मोठा केलाय, त्यांनी उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं." तो त्यांनी माझ्यासमोर घेतलेला शेवटचा वर्ग.

आता काम गुंडू करते. माउस तिच्या हातात, ते शेजारी बसून सांगतात. मथळा जरा वर घे, तो निळा रंग थोडा मावळू दे, उजवीकडे मोकळं सोड. रंग त्यांच्या डोक्यात अजून जसेच्या तसे आहेत. ती करते आणि विचारते, "असं?" ते म्हणतात, "असंच." त्यांना दिसत नाही हे दोघांनाही माहीत असतं.

दिसत नाही म्हणजे आकार दिसत नाहीत. उजेड कळायचा. म्हणून रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ते म्हणायचे, "गुंडू, कोरी स्लाइड लाव." मग ती खिडकीचा पडदा ओढायची, मला त्यांच्या अगदी जवळ आणायची आणि सबंध पांढरी स्लाइड लावायची. ते तोंड माझ्याकडे करून बसायचे आणि चेहरा हलका व्हायचा. "आली," म्हणायचे. तेवढं झालं की गुंडू मला उचलून पुन्हा भिंतीशी ठेवायची. जवळ असो की लांब, त्यांना आता फरक पडत नव्हता. पण माझी जागा भिंतीशी ठरली होती, ती कुणी बदलली नाही.

आज सकाळी ते खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, कोरी स्लाइड लाव. गुंडूनं खिडकी झाकली, मला जवळ आणलं, स्लाइड लावली. मी काठोकाठ पांढरा झालो, चारही कोपऱ्यांसकट. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "लाव ना."

गुंडूनं माझ्याकडे बघितलं. माझा उजेड होता नव्हता तेवढा सगळा वाढवला. त्यांच्या चष्म्यावर मी स्वतःला बघत होतो, दोन पांढरे चौकोन. त्यांच्या गालांवर, सदऱ्यावर, टेबलावर माझा उजेड पडला होता. दारात बायको उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला.

"लावतेस ना गं?"

"लावतेय, बाबा," गुंडू म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, कसा ठेवला तिनं देव जाणे. "जुना झालाय ना हा. चालू व्हायला वेळ घेतो हल्ली."

"घेऊ दे. म्हातारा झाला तोही," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळानं गुंडूनं मला उचलून भिंतीशी आणून ठेवलं, तसाच, चालू.

हा आळ मात्र मला मनापासून मान्य आहे. लागेल तितके दिवस मी तो घेईन. तुम्हाला एवढंच सांगायचंय, तुमच्याही टेबलावर कुणीतरी माझा भाऊबंद उभा असेल. त्याच्या कडेचं काही दिसेनासं झालं, बाण हरवायला लागला, तर त्याला पुसत बसू नका. आधी डोळे दाखवून या. माझ्या भावाला नंतर काय बोलायचं ते बोला, तो कुठे जात नाही.

आता मला रजा द्या. ते अजून समोर बसलेत, आणि मी चालू व्हायचोय असं गुंडूनं त्यांना सांगितलंय.